घरच्या शाळेच्या मास्तरणीची मुलाखत

सोमवार, ४

घरच्या शाळेचं नवं वर्ष आठ दिवसांवर आलं आणि मी कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलं! मुलींना काय, मजा. दोघी फळा धुवायला बसल्या आणि एकमेकींना धुवून उठल्या.

तेवढ्यात जुन्या साहेबांचा फोन. लग्नानंतरही कितीतरी वर्षं मी त्यांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचे. "बाई, तुमच्यासारखे दात कुणाला बसवता येत नाहीत. परत या. रविवारपर्यंत कळवा." फोन ठेवला आणि — लिहायलाही लाज वाटते — नाचले! ओट्यासमोर, हातात झारा घेऊन.

मला जायचंय. मेणात एकेक दात लावायचाय, शांतपणे. आजवर एकाही दाताने मला "आई, हे कशाला शिकायचं?" असं विचारलेलं नाही.

मंगळवार, ५

पण सांगू कुठल्या तोंडाने? तीन वर्षांपूर्वी थोरलीचं नाव शाळेतून मीच काढलं, धाकटीचं घातलंच नाही. वर सगळ्या नातेवाइकांसमोर भाषण ठोकलं — शाळा म्हणजे कोंडवाडा! नणंद म्हणाली होती, "बघू हं वहिनी, किती दिवस टिकतंय ते." आता तिच्यापुढे नाक घासू?

आणि मुली? त्यांना वाटायचं, आई आपल्याला विटली. ते तर नकोच.

नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, मध्येच अडकलेल्या माणसांशी बोलायची त्याला सवय आहे. "घाबरू नकोस, निघेल मार्ग," म्हणाला आणि घोरायला लागला.

बुधवार, ६

मार्ग निघाला नाही.

गुरुवार, ७

सुचलं!! आमच्याकडे दर वर्षी शाळा सुरू होण्याआधी मुली मास्तरांची मुलाखत घेतात. हे खूळही माझंच. मी आणि नवरा बाहेर चपलांच्या स्टँडपाशी बसतो. थोरली प्रश्न विचारते — बारा वर्षांची आहे, पण आव हेडमास्तरचा. धाकटी सात वर्षांची, ती घंटी वाजवून निकाल सांगते. मास्तर नापास झाला तर घरची शाळा बंद, मुली मोठ्या शाळेत. नियम म्हणजे नियम. आजवर कुणी नापास झालेलं नाही.

यंदा मी होणार. ना बोभाटा, ना भांडण!

शनिवार, ९

नवऱ्याला एकच प्रश्न — "लिफ्टच्या मशीनरूममध्ये नेणार का?" नेणार. पास.

मग मी. जीव तोडून वाईट मुलाखत दिली!

"अपूर्णांक कसे शिकवाल?" — "घाबरत घाबरत."

"मूल रडलं तर?" — "मी त्याच्यापेक्षा जोरात रडेन."

"सात आठे?" — "चौपन्न." धाकटीने तोंडावर हात दाबला. दाराबाहेर नवऱ्याला ठसका लागला.

शेवटी थोरलीने विचारलं, "तुम्हाला ही नोकरी का हवी?" इतक्या थापा मारल्या, पण ही एक मारवेना. पदराने फळा पुसायला लागले. ती माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ.

दोघी कुजबुजल्या. घंटी. "पास!"

पास?! सात आठे चौपन्नला पास? काय भ्रष्ट संस्था आहे ही! आता उद्या साहेबांना नाही म्हणायचं. दोघींनी येऊन मिठी मारली आणि मला मेलीला धड हसताही येईना.

रविवार, १०

'नाही' कळवायला फोन हातात घेतला, तर थोरली येऊन शेजारी टेकली.

"आई, काल मुद्दाम चुकलीस ना?"

"हो. मग नापास करायचं ना गं मला!"

"दर वर्षी तू नापासच होतेस. आम्ही ग्रेसचे मार्क देतो. तुला वाईट वाटेल म्हणून." मग नखं कुरतडत, हळूच — "तू रडणार नसशील तर... आम्हाला दोघींना कोंडवाड्यात जायचंय."

रडले. चांगली भोकाड पसरून रडले. मग साहेबांना फोन लावला.