पहिलीचा फोटो पहिला

२५ नोव्हेंबर १९९८, तासगाव

माधवनगरहून येऊन तीन दिवस झाले आणि मी मजेत आहे, हे मावशीला कळवायला हवं. बिजवराला दिली म्हणून तिनं सगळ्यांच्या वाटचं रडून घेतलं होतं. घर झकास आहे. पुढं यांचा फोटो स्टुडिओ, मागं आम्ही. यांनी नवा कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतलाय, पण चालवता येतो फक्त मला. हळदीच्या हातानं माऊस धरते म्हणून हे चिडवतात. यांची पाच वर्षांची लेक प्रियंका दुसऱ्याच दिवशी मला चिकटली. वेणी माझ्याच हातची हवी म्हणते. तिची आई अंजना गेली तेव्हा ती रांगत होती. या पोरीवर माझा जीव जडलाय, लपवण्यात अर्थ नाही.

२८ नोव्हेंबर

घरातले फोटो कॉम्प्युटरवर एकामागून एक फिरत ठेवायचे आणि मॉनिटर दुकानाच्या काचेत मांडायचा, अशी यांची कल्पना. फोटोला जो आकडा देऊ त्या क्रमानं तो येतो. दिवसभर क्रम लावत बसले. पहिला आमच्या लग्नाचा, मग द्राक्षबाग, झोक्यावरची प्रियंका, फेट्यातले सासरे, यात्रा, पाहुणेरावळे आणि अगदी शेवटी अंजनाबाईंचा हिरव्या लुगड्यातला एकुलता एक फोटो. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ते रुचलं नाही. पहिलीचा मान पहिलीला, म्हणाल्या. दुसरीनं नवं लुगडं आधी पहिलीच्या फोटोपुढं ठेवावं, मग नेसावं. तिला मागं सारलीस तर ती आपलं मागून घेती. मी म्हटलं, आवं आत्याबाई, कॉम्प्युटरला सवत कळत न्हाई. हे हसले. त्या हसल्या नाहीत.

१ डिसेंबर

अंजनाबाईंचा फोटो पाहुण्यांच्या पुढं आलाय. माझीच चूक असणार. नुसता आकडा दिला की हे यंत्र एकानंतर दहा घेतं आणि मग दोन. आकड्यांपुढं शून्य लावून सगळं नीट केलं. प्रियंकाला कणकण आहे. दारात कोण बाई उभी हाय, असं विचारत होती. दारात कुणी नव्हतं.

३ डिसेंबर

परत सरकलाय. बाकीचे जागच्या जागी, हा एकटाच प्रियंकाच्या फोटोकडं चाललाय. हे शपथ घेऊन सांगतात की हात लावला नाही. ताप वाढला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उतरेल म्हणाले. उतरला नाही. पोर म्हणते, बाई उंबऱ्याच्या आत आली, हिरवं लुगडं हाय, मला ये म्हणती.

४ डिसेंबर

दोघींच्या मध्ये आता फक्त सासऱ्यांचा फोटो. बाई कॉटच्या पायाशी बसलीय म्हणे. मला दिसत नाही. दिसली असती तर पाय धरले असते. कॉम्प्युटरवरून फोटो पुसला — परत आला. वायर उपसून टाकली, तरी पोर डोळे मिटून एकेक फोटो सांगत राहिली, त्याच क्रमानं. बाग, मी, आजोबा — निदान कुठवर आलीय ते दिसावं म्हणून वायर परत लावली. काय करू?

५ डिसेंबर, सकाळ

अंजनाबाई, चुकले. लेकरू तुमचं आहे, पण मला राहू द्या. माझं लग्नातलं लुगडं त्यांच्यापुढं ठेवलं. आत्याबाईंनी साखर ठेवली. अंजनाबाईंचा फोटो पहिला केला. आमच्या लग्नाचा कुठंतरी मध्ये. प्रियंकाचा सगळ्यात शेवटी — त्यांच्यापासून नेता येईल तितका लांब. फोटो हलला नाही. पोरीनं पेज मागितली. मी मोरीत जाऊन रडले.

दुपार

यांनी दुकानात फोटो सुरू केले. मागच्या खोलीतून काचेत उमटलेले दिसतायत. प्रियंकाचं डोकं माझ्या मांडीवर. अंजनाबाई आल्या, गेल्या. बाग. लग्न. यात्रा. पाहुणे. सासरे. झोक्यावरची प्रियंका — शेवटचा. आणि तिच्या मागोमाग लगेच —

हिरवं लुगडं —

फिरतच राहतं हे. दिवसभर. गिऱ्हाईक थांबावं म्हणून मीच तसं लावलं होतं — शेवटच्यानंतर परत पहिला — मला ठाऊक होतं, देवा, मला ठाऊक होतं — मीच पोरीला नेऊन तिच्या शेजारी बसवलं. मध्ये कुणीच नाही —

हाक मारतेय, यांना ऐकू जात नाही —

प्रियंका उठून बसली. उशाकडं बघून हसतेय. दोन्ही हात वर केलेत, उचलून घे म्हणावं तसे. मी कमरेला धरलंय, एका हातानं — ती वर — पलीकडून कुणीतरी ओढ —