दिवाणखाना कुणाच्या नावे

मी, अंबिका व्यंकटराव सेलूकर, वय पासष्ट, तत्त्वज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका, राहणार पडेगाव रस्ता, औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझे वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. लोकांचे वसीयतनामे लिहिताना ते प्रत्येकाचे होशहवास दुरुस्त असल्याचं नमूद करत, मग माणूस कसाही असो. माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात माणूसच नाही.

कलम १. घर माझ्या स्वकमाईचं आहे. मागच्या दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर मुलगा श्रीनिवास, राहणार पुणे, यास द्यावं. विकलं तरी माझी ना नाही. "आई, तुझं आता वय झालं" असं म्हणून तो कुठलाही विषय बंद करतो, ते मला मुळीच आवडत नाही. पण पोरगा वाईट नाही.

कलम २. पाटल्या आणि मोत्याची नथ सूनबाई शैला हिला. ती मला उलट बोलते आणि कारणासकट बोलते. लेकानं तिच्याकडून शिकावं.

कलम ३. पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाला अजिबात देऊ नयेत, तिथं ती कुलपात जातात. त्यातली उर्दू पुस्तकं माझ्या हैद्राबादच्या शिक्षणातली. पोलीस ॲक्शननंतर मराठीतून शिकवायची वेळ आली तेव्हा मला वाद घालायला शब्दच सापडत नसत. दलील यायची, युक्तिवाद यायचा नाही. म्हणून मी चौथऱ्यावरून उतरून मुलांच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हटलं, तुम्ही बोला, मी ऐकते. पुढं मराठी आली, पण मी परत वर गेले नाही. पुस्तकं दिवाणखान्यातच राहावीत.

कलम ४. माझी वर्गातली खुर्ची संस्थेचे चिटणीस आप्पासाहेब यांना द्यावी. कोरी आहे, मी कधी बसले नाही. "बाई, पोरंच बोलायला लागली तर शिकवणार कोण?" असं ते मला सगळ्या स्टाफसमोर म्हणाले होते. त्यांना उंचावरून बोलायला लागतं, उपयोगी पडेल.

कलम ५. दिवाणखाना, त्यातल्या सतरंज्या आणि पुस्तकं बन्सी फकिरा गायके, मूळ राहणार लासूर स्टेशन, यास द्यावीत. बन्सी माझा विद्यार्थी. आज माझ्याच विभागात शिकवतो. दर शनिवारी इथं मुलं जमतात, एक प्रश्न घेतात आणि बोलतात. नियम एकच : दुसऱ्याला खोडून काढायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगायचं. माझे कान आता जात चाललेत. बन्सी बसला तर हे टिकेल, नाहीतर माझ्याबरोबर संपेल. याच काळजीनं मी हा कागद लिहायला घेतला.

दोन वर्षांपूर्वी त्यानं कॉलेजात प्रश्न घेतला होता, आज्ञा पाळणं म्हणजे चांगलं वागणं का? वच्छला नावाची मुलगी फार छान बोलली. तोच प्रश्न तिनं घरी, सोयरीक ठरत असताना, वडिलांना विचारला. वडील माणसं घेऊन कॉलेजात आले. वच्छलेचं शिक्षण बंद झालं, वर्गातली चर्चाही बंद झाली. तेव्हापासून बन्सी नोट्स सांगतो आणि शनिवारी इकडं फिरकत नाही. नोकरी जाईल म्हणून घाबरला, असंच मी धरून चालले होते.

~

वरचं कलम ५ मी रद्द करते. कारण लिहिते.

आज साक्षीला बोलावलेले शेजारी जालन्याला गेले, म्हणून मी बन्सीला बोलावून घेतलं. वकील बद्रीनाथराव म्हणाले, बन्सीला दिवाणखाना मिळायचा आहे, त्यानं साक्ष करू नये, साक्ष केली की त्याचा हक्क जातो. तोवर बन्सीनं कागद वाचला होता.

"बाई, तुमचं म्हणणं असं, की मी इथं बसलो तर पोरं बोलती राहतील. बरोबर?"

मी म्हटलं, बरोबर.

"मग ऐका. मी पोरीला बोलतं केलं. तिचं शिक्षण गेलं आन् माझी नोकरी तशीच हाय. मला लई भ्या वाटतं बाई. नोकरीचं नाय. पुढची पोरगी बोलंल, त्याचं."

"म्हणून जन्मभर नोट्स सांगत बसणार?"

"व्हय," म्हणाला, आणि साक्षीसाठी पेन मागितलं.

तेव्हा दिवाणखानाही पुस्तकांसकट श्रीनिवासला. गाईडवाल्यांना भाड्यानं देईना का, मला काय! बन्सीवर राग नाही असं लिहिणार होते. खोटं होईल. राग आहे, आणि रडूही येतंय. त्याचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

हे सर्व साक्षीदारांसमोर वाचून, समजून सही केली.

स्थळ : औरंगाबाद
तारीख : ११ ऑगस्ट १९९१
अंबिका व्यंकटराव सेलूकर

साक्षीदार १ : ॲड. बद्रीनाथ कुलकर्णी. बाईंनी आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : बन्सी फकिरा गायके. सही केली, पण हरकत नोंदवतो. नाही मी म्हटलं. पोरं कधी नाही म्हणाली? त्यांना न विचारता दिवाणखाना कसा काढून घेता?

हरकत वाचली. नाही विचारलं मी पोरांना. आणि चर्चा कायमची बंद ठेवताना तू वच्छलेला विचारलंस का? बद्रीनाथराव, विचारून होईपर्यंत कागद नोंदणीला नेऊ नका.
— अं. व्यं. से.