दंडाची पावती

आई,

तू मला बाजारात कधी बसू दिलं नाहीस. शाळा सुटली की मी तुझ्या पाटीपाशी यायचे आणि तू मला विळीपासून लांब, पिंपळाच्या पाराशी उभी करायचीस. एकदा गिऱ्हाइकांची गर्दी झाली म्हणून मी मांदेलीचा एक वाटा उचलून एका बाईच्या पिशवीत टाकला, तर सगळ्यांदेखत तू माझ्या हातावर फटका मारलास. "हितं बसायचं नाय. आज नाय, कधीच नाय." लागलं कमी, लाज जास्त वाटली. रात्री तूच हाताला खोबरेल लावलंस, पण शब्द मागे घेतला नाहीस. मी नववीत असताना तू गेलीस. तो शब्द मी पुढे इतकी वर्षं पाळला. आपल्या घरात पहिली शिकलेली मी, आणि पहिली भित्रीसुद्धा मीच. नियम दिसला की पाळायचा, सूचना दिसली की शेवटपर्यंत वाचायची. आता मोडलाय तुझा शब्द. कशासाठी ते सांगते.

तुझ्यानंतर त्या जागेवर काकी बसायला लागली. आजीची जागा, मग तुझी, मग काकीची. तुला सांगायला नको, पण या जागेला कुलूप नसतं, भिंत नसते. रोज कोणीतरी बसलेलं दिसतं, म्हणून ती आपली. पावसात होड्या किनाऱ्याला लागल्या की तू सुके बोंबील आणि जवळा घेऊन बसायचीस. विकलं जावो न जावो, जागा मोकळी दिसता कामा नये. आजीच्या सुतकातसुद्धा बाजारात शेजारी बसणारीने तिची एक टोपली आपल्या जागेवर पालथी घालून ठेवली होती.

मग ती साथ आली. तू पाहिली नाहीस, बरं झालं. सगळं बंद. टीव्हीवर अत्यावश्यक गोष्टींची यादी वाचून दाखवायचे. कागदावर मासळी त्या यादीत होती, पण बाजार बंद होता. मग मासळी विकायची कुठे, हे यादीत नव्हतं. एव्हरशाईन सिटीतल्या सोसायट्यांच्या फाटकापर्यंत बर्फातली सुरमई घेऊन गाड्या जात होत्या. त्यांच्या काचेवर परवाना चिकटवलेला असायचा. काकीच्या पाटीला काच नव्हती. आणि बाजार उघडायच्या आधी काय उघडलं असेल? दारूची दुकानं. रस्त्यावर चुन्याचे गोल आखून, त्यात माणसं उभी करून. त्या रांगेवर पोलीस लक्ष ठेवून होते, कोणाला ऊन लागू नये म्हणून एका दुकानदाराने मांडवही घातला होता. उमेळ्याकडे नव्या इमारतींचं बांधकामही सुरू झालं. आमचा बाजार नाही.

काकी रोज पहाटे उठून पाटी धुवायची आणि परत उपडी ठेवायची. "जाऊन बसू काय गो बाय? कोपऱ्यात बसेन, तोंड बांधून."

"नको काकी. बंदी आहे. नियम आहे."

"तुझ्या सरकारला सांग, मासं काय घरात अंडी घालत नाय."

सरकार माझं, कारण मी शिकलेली. मी तिला बसू दिलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. माणसं मरत होती. नियम पाळणं मला बरोबर वाटलं आणि तेव्हा ते बरोबरच होतं. पण नियम पाळणाऱ्याचं नंतर काय करायचं, हे नियम करणाऱ्यांनी ठरवायला हवं होतं की नको?

आपली बाजारातली शेजारीण मात्र ऐकणारी नव्हती. लपूनछपून बसली, दोनदा पकडली गेली, दंड भरला. आम्ही तिला नावं ठेवली.

बाजार उघडला तेव्हा अर्ध्या आवारात गाड्या उभ्या करायचे पट्टे मारलेले होते. एक पट्टा बरोबर आपल्या जागेवरून गेला होता. मधल्या काळात कामं गेलेली माणसंही धंद्याला लागली होती. कोणी रिक्षा सोडून भाजी विकत होता, कोणी कंपनीतून काढलेला अंडी घेऊन उभा. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनाही पोट आहे. टीव्हीवर मात्र विकणाऱ्यांना कर्ज मिळणार म्हणून सांगत होते. कर्ज मिळेल, बसायला जागा तेवढी नाही. पालिकेचा माणूस म्हणाला, उरलेल्या जागांची यादी करतोय. बाजार बंद झाल्यापासून यादी पुरी होईपर्यंतची, त्याच जागेची, पालिकेची कुठलीही पावती दाखवा. जुन्या पावत्या चालणार नाहीत.

"बाजार तुम्हीच बंद ठेवलात, मग पावती कुठून येणार?" मी विचारलं.

"ते मला नका विचारू, मॅडम."

शेजारणीने कमरेची पिशवी उघडली आणि दंडाची पावती काढली. प्लास्टिकमध्ये घालून आणली होती. पालिकेचीच पावती, तिचं नाव, बाजारातली तिची जागा. त्याने उलटसुलट करून पाहिली आणि तिचं नाव यादीत लिहिलं. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "माझी लक्ष्मी हाय ही. तुम्ही बसा घरात शहान्यासारख्या."

त्या दिवशी काकीने घरी येऊन पाटी उपडी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती धुवायलाही उठली नाही. तिला दुसरा धंदा येत नाही, आणि काकाच्याने आता होडीवर जाववत नाही. मला झोप लागेना. रागापेक्षा भीतीनेच जास्त. पण रविवारी, मी हिशोब लिहिते त्या कारखान्याला सुट्टी होती. मी पाटी उचलली, काकीला म्हटलं, चल, आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर जाऊन बसले. तुझ्या जागेवर.

विकायला मला येत नाही, हे तुला माहीत असणारच. पहिल्याच गिऱ्हाइकाने बोंबील उचलले आणि मी सांगून टाकलं, "कालचे आहेत." काकीने कपाळावर हात मारला. "हिशोब शिकलीस बाय, धंदा नाय शिकलीस!" शेजारीण तोंडाला पदर लावून हसत होती. थोड्या वेळाने तो पालिकेचा माणूस आला.

"मॅडम, शिकलेल्या दिसता. तुम्हाला शोभतं का हे?"

"शोभतं."

"उठा. नाहीतर दंड करावा लागेल."

"करा. पावती द्या."

त्याने पावतीपुस्तक काढलं. शेजारीण लगेच ओरडली, "फाडा साहेब, फाडा! आमची बाय त्याचीच वाट बघते!" तो थबकला. माझ्याकडे, तिच्याकडे, पट्ट्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटून खिशात घातलं. दंड करायला तयार नाही, बसू द्यायलाही तयार नाही. मी विचारलं, दंड न करता उठवायचं कुठल्या नियमात आहे? तो पुढच्या पाटीकडे निघून गेला. पाटीमागे बसलं की आपली भीती दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी तो मोठ्या साहेबांना घेऊन आला. साहेब गाडीतून उतरतानाच तापलेले. मी उठत नाही म्हटल्यावर गरजले, "फाड रे हिची पावती!"

"साहेब, त्यांना तेच तर..."

"मी सांगतोय ना? फाड!"

त्याने लिहायला घेतलं. नाव विचारलं, मी काकीचं सांगितलं. धंदा तिचा, मी नुसती बसलेली. जागा विचारली, ती मी नीट लिहायला लावली: पिंपळाच्या पाराशेजारी, पश्चिमेकडची. चुकीचं काही लिहिलं जाऊ नये म्हणून परत वाचून दाखवायला लावलं. साहेबांना वाटलं, मी घाबरले. मी दंड भरला आणि पावती काकीच्या हातात दिली. मग बाजारात जो हशा पिकला, तो तू ऐकायला हवा होतास.

काकीचं नाव यादीत आलं. हा न्याय आहे असं मी म्हणणार नाही. सांगितलं तसं घरात बसलो तेव्हा आम्ही कुठेच नव्हतो. नियम मोडल्यावर त्यांना दिसलो. कोणाला आधी वाचवायचं, कोणाला आधी उघडायचं, हे ठरवणाऱ्यांनी एकदा त्या पट्ट्यावर बसून पाहावं. मी आता सूचना शेवटपर्यंत वाचते ती पाळण्यासाठी नाही. ती कोणासाठी लिहिलीय, हे पाहण्यासाठी.

आता काकी रोज बसते, रविवारीसुद्धा. हे पत्र तुला कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं एक लिहून टाकते. तिचं नाव लागल्याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ती पाटी घेऊन एकटी निघाली आणि जाताना म्हणाली, "तू झोप बाय, आता तुझं काय काम नाय," तेव्हा मला जरा वाईट वाटलं. मला वाटत होतं, अजून दोन-चार रविवार तरी ते भांडण चालेल.