महादूच्या हिरड्या

दंतवैद्याने किटण काढल्यापासून महादूच्या हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं होतं. आज तो काजूच्या बागेतून घरी आला, तर बायकोची, सत्यवतीची चिठ्ठी तांब्याखाली ठेवलेली.

"अहो, वहिनीला मुलगी झाली असा निरोप आला, म्हणून तोंडवलीला माहेरी जाते. पेज चुलीवर आहे. मशेरीचा डबा शोधू नका, मी उकिरड्यात टाकला. नवा ब्रश मऊ आहे, हिरड्यांवर हळू फिरवा, रात्री झोपतानासुद्धा. मग मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरा. आता कंटाळा केलात तर दात हलायला लागतील, असं डॉक्टर म्हणालेत.

आणखी एक. वर्षभर मी उकाड्याचं निमित्त करून माईंजवळ झोपले, ते तुमच्या तोंडाला वास यायचा म्हणून. तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून बोलले नाही. आज माझी गादी आपल्या खोलीत नेऊन ठेवली आहे. परवा येते."

चिठ्ठी पुन्हा वाचताना महादू एकटाच हसू लागला.

"काय लिवल्यान रे तिना?" त्याच्या आईने, माईने आतून विचारलं.

"दात घासूक सांगल्यान," म्हणत तो सकाळी घासलेले दात पुन्हा घासायला मागल्या दारी गेला.