नेमेसिओच्या चेहऱ्याची सुरई

३ जून, सोमवार

शांबार केलं, दर सोमवारचं गहू-कडधान्यांचं सूप. नेमेसिओ आजही भिंतीकडे तोंड करून जेवला. मार्चमध्ये चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून सूप ओठातून ओघळतं. आणि तेव्हापासून त्याने मातीला हात लावलेला नाही — हात दोन्ही धड असून! कामाच्या खोलीत मी एकटीच. त्याचं गुणगुणणं नाही, भट्टीला शिव्या नाहीत. करमत नाही.

५ जून

ठरवलं. त्याच्या डोक्याची सुरई करायची — आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या मोचे लोकांनी केल्या तशी, माथ्यावर घोड्याच्या रिकिबीसारखी वळलेली नळी. जन्मभर परक्यांचे चेहरे घडवले त्याने. स्वतःचा पाहून तरी कामाला उठेल.

नणंद सोईला म्हणाली, "वहिनी, नाक जरा आवरतं घे. नाहीतर भट्टीच्या दारातून आत जायचं नाही."

१२ जून

तो दुपारी झोपला की निरखत बसते. कानामागे तीळ आहे. इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हता.

२० जून

साच्याचे दोन्ही भाग नीट जुळले. गालांना गोट्याने घासून चकाकी आणली. तोंड सरळ ठेवलं, पूर्वीसारखं.

२८ जून

भट्टी उघडली. कुठे तडा नाही. सुरई त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती बराच वेळ फिरवून पाहिली.

"कोण हा? तुझ्या माहेरचा का कुणी?"

त्याने सुरई माझ्याकडे वळवली.

"जुन्या मोचेंनी आंधळे चेहरे घडवले, तुटल्या ओठांचे घडवले. होते तसे घडवले. आणि तू मला इस्त्री केलीस."

खोलीत जाऊन रडले. मायेनेच केलं होतं. पण माया कुणाची — मार्चच्या आधीच्या माणसाची?

२९ जून

सान पेद्रोचा सण. सगळे समुद्रावर, होड्यांच्या मिरवणुकीला. मी त्याच साच्यातून दुसरा चेहरा काढला. ओला होता तोवर ओठांचा डावा कोपरा बोटाने खाली ओढला, पापणीही. एकदम तोच झाला! अंगठ्याने त्याचा गाल कुरवाळला. वाळायला फळीवर ठेवला. त्याला काही बोलले नाही.

४ जुलै

सकाळी फळीवर त्याच्या शेजारी आणखी एक डोकं. साच्यातलं नाही, हाताने घडवलेलं, अजून ओलं. माझं. डोळ्यांखाली सूज, भुवयांमध्ये आठी, ओठ घट्ट मिटलेले. इतके महिने मी अशी दिसत होते. मला वाटायचं, निरखतेय ती मी एकटीच.