रिकामी निघालेली पेटी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुमच्यापेक्षा कितीतरी म्हातारी झाले आहे. तरी तुम्हाला लिहायला बसले आणि आपोआप पाठ ताठ झाली. उद्या लोकसभेचं मतदान आहे. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. नातू एका उमेदवाराच्या प्रचारात फिरतो, तो येताजाता मलाच धीर देतो, "आजे, तू कशाला घाबरायलीस? आपली सीट पक्की हाय. निकाल लागल्यात जमा हाय." त्याला वाटतं मला निकालाची धास्ती आहे. सीट पक्की, हे शब्दच मला नकोसे होतात, हे त्या पोराला कसं सांगू?

आपली परभणीची जागा मी तरी जन्मभर पक्कीच ऐकत आले. झेंडे बदलले, पक्ष बदलले, पेट्या जाऊन शिक्का आला, शिक्का जाऊन बटण आलं, पण ज्या वेळी जो पक्का असेल त्याची माणसं अशीच पाय पसरून बसलेली. पहिल्या निवडणुकीतही तेच. पोलिस ॲक्शन होऊन तीनचार वर्षं झाली होती. निजामाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात गेलेले एक पुढारी उभे होते आणि त्यांच्यासमोर परभणीचे एक वकील. वकिलांना कोण मत देणार, असं आपल्या पालमच्या शाळेतले शिपाईसुद्धा हसून म्हणायचे. मीही हसायची. माझा भाऊ त्या पुढाऱ्यांबरोबर तुरुंगात होता, त्यामुळे माझं मत काय, हे मला कुणी विचारलंही नव्हतं.

बायका परक्या पुरुषाच्या हातात बोट देणार नाहीत म्हणून शाई लावायला आपल्या दोघी शिक्षिकांना शेजारच्या गावी धाडलं होतं. बैलगाडीत तुम्ही मला बजावलं होतं, "पडद्यामागं काहीही दिसलं तरी हात लावायचा नाही. मला हाक मारायची." चावडीच्या आतल्या खोलीत सतरंजीचा पडदा, त्यामागे बाकावर दोन लोखंडी पेट्या. ज्याला मत द्यायचं त्याच्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा, एवढंच. तुम्ही एकेकीचं बोट धरून शाई लावताय आणि विचारताय, "जेवून आलात का?" पुरुषांची रांग ओट्यावर, आणि आत नुसत्या बायका, बांगड्यांचा आवाज, लाजणं, खुदखुदणं. मेंढरं सुनेच्या हवाली करून एक म्हातारी आली. पडद्याबाहेर तिनं वहाणा काढून ठेवल्या, आत गेली, बराच वेळ लावला आणि हात जोडूनच बाहेर आली.

तिच्यामागून गेलेली बाई बाहेर येऊन म्हणाली, "आत येक कागद वरीच हाय की वो." तुमच्या हातात कुणाचं तरी बोट होतं. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "बघून ये, आणि मला सांग." मी आत गेले. कागद दोन पेट्यांच्या मधे पडला होता. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही तो बाहेरच्या साहेबांकडे देणार आणि मत बाद होणार. मला वाटलं, बिचारीचं मत कशाला वाया घालवायचं? इथली मतं कुणाला जाणार हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी कागद उचलला आणि पुढाऱ्यांच्या पेटीत टाकला. बाहेर येऊन म्हटलं, "काही नाही बाई, पेटीत आहे सगळं." तुम्ही पुढचं बोट धरलंत.

मोजणीत आपल्या खोलीतली वकिलांची पेटी उघडली ती रिकामी निघाली. एक कागद नाही. चारच दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, ती म्हातारी शाळेच्या दारात उभी.

"बाई, माझा कागद कुटं गेला? माझ्या लेकाला मेंढरापायी कोंडून ठिवलं व्हतं, तवा वकीलसायबानंच सोडविलं. म्या त्येला भर बाजारात जबान दिल्ती. आता डबा रिकामा निगाला म्हणं. समदे म्हणायलेत, म्हातारी खोटारडी हाय. वकीलसायब बी माझ्याशी बोलंना."

तुम्ही विचारलंत, "आजी, कागद पेटीत टाकला होतात ना?"

"टाकू कशाला? वरी ठिवला. देवाम्होरं ठिवतेत तसा. कोंबायचा असतो व्हय?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "कागद सगळे पेटीतच होते ना गं?" मी म्हटलं, "हो बाई." मग तुम्ही तिचा हात हातात घेऊन किती मऊपणानं म्हणालात, "मग आजी, तुमचाच हात चुकून दुसऱ्या पेटीकडे गेला असेल."

"माझा?" ती म्हणाली. "येवड्या मेंढरात माझं कोकरू डोळं मिटून वळखते म्या." आणि ती गेली. आयुष्यात तुम्ही खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी माझ्यामुळे बोललात. तुम्हाला ते कळलंही नाही, आणि मला तुम्हाला गाठून सांगायचं धैर्य झालं नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग तापाचं निमित्त झालं आणि दुसऱ्या निवडणुकीआधी तुम्ही गेलात. त्या खेपेला मला पुन्हा हुकूम आला, मी आजारी असल्याचं कळवून घरी बसले. जी शिक्षिका गेली तिनं येऊन सांगितलं, गावातल्या सगळ्या बायका आल्या, ती मेंढरंवाली तेवढी आली नाही. बोलावणं धाडलं तर म्हणाली, "माझा कागद तितं टिकत न्हाई."

उद्या नातू मला गाडीतून नेणार आहे. बटण दाबायला आता आड कोणी नाही, कागद नाही, उचलायला काही नाही. तरी मी हे लिहीत बसले आहे. हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा निदान इथे तरी खरं लिहायला हवं होतं, आणि इथेही मी चोरीच केली. बाई, तो कागद दोन पेट्यांच्या मधे नव्हता. वकिलांच्या पेटीवर बरोबर मधोमध ठेवलेला होता, चारी बाजूंनी हळदकुंकू वाहिलेलं होतं. ते मी आधी पदरानं स्वच्छ पुसलं आणि मग कागद उचलला.