लेखकाशी न भांडण्याचा अभ्यास

तीर्थरूप मामांना भाचीचा नमस्कार.

तुमचे गुडघे जिना चढू देत असतील आणि मामी तुम्हाला दुपारी झोपू देत असतील, अशी आशा आहे. इकडे आम्ही तिघं ठीक. कामगार कायद्याच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेसाठी कारखान्याने मला रजा दिली आहे, आणि ती पुन्हा मिळणार नाही हे साहेबांनी हसत हसत सांगितलं आहे. (हसणाऱ्या साहेबांपासून सावध राहावं, हे माझ्यासारख्या कामगार संघटनेच्या चिटणीसाला कोणी शिकवायला नको.)

तुम्ही म्हणाला होतात, आधी घड्याळ लावून एक सराव परीक्षा दे, गुण कुठे गळतात ते बघ आणि तिथेच अभ्यास कर. मला ते भ्याडपणाचं वाटलं. लढाईआधीच जखमा मोजायच्या? मी भिंतभर वेळापत्रक केलं, त्याला उद्दिष्टं जोडली आणि नवऱ्याला नि लेकीला समोर बसवून त्याचं उद्घाटनही केलं. माझं भाषण संपलं तेव्हा वेळापत्रकातली पहिली सकाळ संपली होती. लेकीने विचारलं, यातला अभ्यास कुठला? मी तिला शाळेत पाठवून दिलं.

गणितात तर पहिल्याच पानावर ठिणगी पडली. अ एक काम बारा दिवसांत करतो, ब तेच अठरा दिवसांत. दोघं मिळून किती दिवस? मामा, माणसांना अ आणि ब म्हणणाऱ्या मालकाकडे सुट्टी आहे का, ब आजारी आहे का, याचा प्रश्नात एक शब्द नाही. मी समासात निषेध नोंदवला. उत्तराची जागा कोरी राहिली.

उताऱ्यांचं आकलन म्हणजे माझा हातखंडा, असा माझा समज. एका उताऱ्यात कोणी लेखक म्हणत होता की सभांनी कोणाचं मत बदलत नाही. खाली प्रश्न, लेखकाचं मत काय? मी पर्यायांतून योग्य मत निवडलं, म्हणजे माझं. असं प्रत्येक उताऱ्याला केलं. शेवटी नाइलाजाने सराव परीक्षा दिली (तुमचं ऐकलं असं कृपया समजू नये) तर गुण इतके कमी, की घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून जेवायला आलेल्या नवऱ्याने कागद उलटा करूनही पाहिला. मग शांतपणे म्हणाला, "अगं, त्या लेखकाला निवडून द्यायचं नाहीये. तो काय म्हणाला तेवढं सांग."

मी दिवसभर धुसफुसत होते. संध्याकाळी नोकरीवरून काढलेले दोघे कामगार कोर्टाचे कागद घेऊन आले. वाचून दाखवा म्हणाले. मी वाचलं, अर्थ मलाही लागला नाही. यांच्यासाठी मी कारखान्याच्या दारावरच्या सभेत घसा फोडला होता. मला टाळ्या मिळाल्या, यांना नोकरी परत मिळाली नाही. कामगार कायदा शिकायचा तो यासाठी, आणि मी मात्र एका उताऱ्याशी हुज्जत घालत बसले होते.

तेव्हा आठवलं. वाटाघाटीला बसले की मी आधी मालकांची बाजू अशी मांडते, की तेच माना डोलावतात. मग ती पाडते. परीक्षेत फक्त पहिला अर्धा भाग करायचा आहे. आता प्रत्येक उतारा मी मालकाचं निवेदन समजून वाचते, मान डोलावते आणि पुढे जाते. अ आणि ब यांनाही कामावर घेतलं आहे. भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. तिथे आता फक्त चुकलेले प्रश्न लावते. परवाच्या सराव परीक्षेत गुण जवळजवळ दुप्पट झाले. जमेल, मामा. मनापासून वाटतंय, जमेल.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची भाची

ता. क. अ आणि ब यांना आठवड्याची सुट्टी धरली तर गणित कसं बदलतं, ते सवडीने कळवा. परीक्षेसाठी नाही, तत्त्वासाठी.

आणखी एक. पत्राचं खरं कारण हे. परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे या आणि मुक्कामालाच या. मान डोलावून डोलावून गिळलेले सगळे लेखक माझ्या घशाशी आले आहेत. त्यांना कोणासमोर तरी उत्तर द्यायचं आहे. नवऱ्याने त्या संध्याकाळी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवायचं आत्ताच ठरवलं आहे. तुमचे गुडघे दुखतात, उठून जाता येणार नाही, हे माझ्या लक्षात आहे.